न बदललेली गाडी : कुर्ल्याची फियाट

मुंबईत ‘पद्मिनी’ कुणी चालवली नाही आणि ‘पद्मिनी’त कुणी बसलंही नाही. डिकीच्या झाकणावर ते नाव चकचकीत अक्षरांत होतं, कागदपत्रांवर होतं, जाहिरातींत होतं. बोलण्यात मात्र ती गाडी शेवटपर्यंत फियाटच राहिली. फियाटशी असलेला करार संपल्यावर कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सला इटालियन नाव सोडावं लागलं, तेव्हा आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४च्या सुमारास ‘प्रीमियर पद्मिनी’ असं तिचं नवं बारसं झालं. नाव चितोडच्या राणीचं. (कामशास्त्रातली पद्मिनी, चित्रिणी, शंखिनी, हस्तिनी ही वर्गवारी ज्यांना आठवते त्यांना शेजारची ॲम्बेसेडर कुठे बसवायची हे सांगायला नको.) पण लोकांनी हे बारसं मानलं नाही. ‘फियाट थांबव’, ‘फियाटने जाऊ’, ‘त्यांच्याकडे फियाट आहे’ हीच भाषा टिकली.

त्याआधीच्या नावाची तर गंमतच आहे. १९५४पासून कुर्ल्यात तयार होऊ लागलेली, गोल पाठीची आणि फुगीर नाकाडाची फियाट ११०० मुंबई-पुण्यात ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली जाई. तिचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडत. इटलीत तिला ‘मिलेचेन्तो’ म्हणत, म्हणजे सरळ ‘अकराशे’. आपण तिला डुक्कर म्हटलं, आणि ते हेटाळणीने म्हटलं नाही. पुढे तीनचाकी टेम्पोलाही गावोगाव हेच नाव मिळालं. मराठी माणूस ज्या यंत्राशी सलगी करतो त्याला जनावराचं नाव देतो, असा माझा अंदाज आहे.

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायद्याने संपली. मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं कमाल वय वीस वर्षं आहे आणि शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. दीडच महिना आधी, १५ सप्टेंबरला, बेस्टची शेवटची जुनी डिझेल डबलडेकर निघून गेली होती. त्या दिवाळीत वर्तमानपत्रांत आठवणींचा पूर आला. मी ती कात्रणं जमवली, कारण गेली काही वर्षं या गाडीच्या मागे लागून मी रद्दीतून मालकांना देण्याची माहितीपुस्तकं, सुट्या भागांचे कॅटलॉग आणि जुन्या जाहिराती गोळा करत होतो. कात्रणं वाचताना एक गोष्ट लक्षात आली. गाडी चांगली होती असं जवळजवळ कुणीच म्हणत नव्हतं. बसल्यावर करकरणारी सीट, छताचं फुलाफुलांचं कापड, खाली पाडलेला मीटर, तेलपाण्याचा वास, हे सगळं होतं. गाडीच्या गुणवत्तेबद्दल काही नव्हतं. मग ही ओढ कशाची?

माझं उत्तर थोडं अडचणीचं आहे. ही गाडी बदलली नाही, हा तिचा सगळ्यात मोठा दोष होता. आणि आपली ओढ त्याच दोषातून आली आहे.

किती बदलली नाही, ते इंजिनापासून पाहू. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याचा प्रवास ७५ मिलिमीटर, एकूण १०८९ घन सेंटिमीटर. ही मापं १९३७ सालची आहेत. त्या वर्षी फियाटने ‘नुओवा बलिला ११००’ नावाची मोटार बाजारात आणली होती आणि तिच्या घडणीमागे दान्ते जाकोसा हा तरुण अभियंता होता. छोटी ‘तोपोलिनो’ही त्याचीच, आणि तीही काही काळ कुर्ल्यात जुळवली जात होती. महायुद्ध झालं, इटली हरली, सावरली. १९५३ साली नव्या एकसंध सांगाड्याची ११०० आली, म्हणजे खाली वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. इंजिन मात्र मुळात तेच. १९६२ साली तिचं ‘११०० डी’ हे चौकोनी रूप आलं. तुरिनने ते १९६६ साली बंद केलं आणि १९६९पर्यंत ११०० हे नावच मिटवलं. आपल्याकडे ‘डी’चं ‘डिलाइट’ झालं, १९६४ साली कुर्ल्यात ते सुरू झालं आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चाललं. म्हणजे इटलीने जे रूप चार वर्षं विकलं ते आपण पस्तीस वर्षांहून अधिक काळ विकलं, तेही दुसऱ्या महायुद्धाआधीच्या इंजिनाच्या मापांवर. पुढची जाळी बदलली, दिवे बदलले, डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला. अखेरच्या वर्षांत गिअर स्टिअरिंगखालून निघून जमिनीवर आला आणि १९९६च्या सुमारास डिझेल इंजिनही मिळू लागलं. हे सगळं मरणाच्या दारात सुचलेलं शहाणपण.

याचा दोष कुर्ल्याच्या कारखान्यावर टाकून मोकळं होणं सोपं आहे, पण कारखान्याची सुरुवात पाहिली तर ते जमत नाही. वालचंद हिराचंद सोलापूरचे. रेल्वेची कंत्राटं, साखर, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन असा त्यांचा प्रवास गं. दे. खानोलकरांनी सविस्तर लिहून ठेवला आहे. मोटार, विमान आणि जहाज देशात बनलंच पाहिजे हा त्यांचा ध्यास होता. मुंबईत मोटारीचा कारखाना काढावा म्हणून तिसाच्या दशकात विश्वेश्वरय्याही त्यांच्याबरोबर खटपट करत होते. ब्रिटिश सरकारने दाद दिली नाही. १९४० साली बंगळूरला विमानाचा कारखाना निघाला, १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजाचा. मोटार मात्र मागे राहिली. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि स्वातंत्र्याच्या वर्षी कुर्ल्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्या होत्या अमेरिकन क्रायस्लरच्या डॉज, डिसोटो आणि प्लिमथ. फियाट नंतर आली. १९५३ साली वालचंद गेले, म्हणजे ज्या गाडीने कुर्ल्याचं नाव घरोघर नेलं ती चालू झालेली त्यांनी पाहिलीच नाही.

त्याच वर्षी टॅरिफ कमिशनने सरकारला सल्ला दिला की ज्यांना देशातच सुटे भाग बनवायचे आहेत त्यांनीच राहावं, नुसती जुळणी करणाऱ्यांनी जावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेले. उरले कोलकात्याजवळचं हिंदुस्थान मोटर्स, मद्रासचं स्टँडर्ड आणि कुर्ल्याचं प्रीमियर. किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवणार, परकीय चलन किती मिळेल तेही सरकार ठरवणार, आणि मोटार ही चैन असल्यामुळे रांगेत तिचा नंबर शेवटचा. १९६९मध्ये सरकारने किंमतही ठरवून दिली. कंपन्या न्यायालयात गेल्या. प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाने १९७१मध्ये दिलेला निकाल मी दोनदा वाचला आहे. मोटारीची रास्त किंमत म्हणजे काय, नफा किती धरायचा, ग्राहकाचं हित कशात, यावर तिथे झालेला काथ्याकूट एखाद्या अर्थशास्त्राच्या पुस्तकापेक्षा जास्त शिकवतो. किंमत वाढवता येत नसेल आणि गिऱ्हाईक दाराशी वर्षानुवर्षं उभं असेल तर नवं मॉडेल आणण्यासाठी पैसा आणि कारण दोन्ही उरत नाही. दर्जाच्या तक्रारी मात्र साठत जातात, आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारला त्यांच्यासाठीही चौकशी समिती नेमावी लागली होती.

रांग किती लांब होती हे आजच्या तरुणाला पटवणं कठीण जातं. नाव नोंदवल्यापासून गाडी दाराशी येईपर्यंत अनेक वर्षं जात. मिळालेली गाडी ठरावीक मुदतीच्या आत विकायला बंदी होती, कारण विकली तर नव्यापेक्षा जास्त भाव यायचा. त्यावर ‘ऑन’ चाले. एकदा का शोरूममधून गाडी बाहेर आली की तिची किंमत उतरते, हा आजचा नियम तेव्हा उलटा होता.

या काळातल्या एका गिऱ्हाइकाची नोंद सार्वजनिक आहे. पंतप्रधान झाल्यावर लालबहादूर शास्त्रींनी कुटुंबासाठी फियाट घ्यायचं ठरवलं. किंमत बारा हजार रुपये, हाताशी सात हजार. उरलेले पाच हजार त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ घेतले. जानेवारी १९६६मध्ये ताश्कंदला त्यांचं निधन झालं आणि कर्ज ललिताबाईंनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडलं. ती गाडी दिल्लीतल्या त्यांच्या स्मारकात आहे. मुंबईकराला यात एक वेगळी गंमत दिसेल. कुर्ल्याचा कारखाना ज्या जुन्या आग्रा रोडवर होता, त्या रस्त्याला पुढे शास्त्रींचंच नाव मिळालं.

आता या दोषाची दुसरी बाजू. पस्तीस वर्षं एकच गाडी बनत राहिली की ती कुणाच्या ओळखीची होत नाही? पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईच्या चोर बाजारात, कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवर फियाटचा सुटा भाग मागताना साल सांगावं लागत नसे. इंजिनाचे बहुतेक भाग एका दशकातून दुसऱ्या दशकात बिनतक्रार बसत. यातून एक ज्ञान तयार झालं, जे कुठल्या आयटीआयच्या पुस्तकात नव्हतं, पण मालक, ड्रायव्हर, कोपऱ्यावरचा फिटर आणि पत्रेवाला या चौघांत वाटलं गेलेलं होतं.

उदाहरणं देतो. उन्हाळ्यात खंडाळ्याचा घाट चढताना इंजिन तापलं की पेट्रोलची वाफ पंपात अडकते आणि गाडी थांबते. पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबायचं, वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. ही विद्या घरोघरच्या काकांना होती. गाडी सकाळी सुरू होईना तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पॉइंटवर पॉलिशपेपर फिरवायचा. झटके देत असेल तर कार्ब्युरेटरचा जेट काढून तोंडाने फुंकायचा. स्टिअरिंगखालच्या गिअरचा दांडा बुश झिजले की ढिला पडतो आणि दुसरा गिअर सापडत नाही. तो ‘सापडवण्याची’ प्रत्येक ड्रायव्हरची आपली लकब असे. बॅटरी गेली तर धक्का. धक्का मारणारे अनोळखी असत आणि त्यांना आभार ऐकायला थांबायची सवय नसे, कारण गाडी सुरू झाली की ती थांबवणं धोक्याचं.

इंजिनाची कथा याहून मोठी आहे. सिलिंडर झिजले की ते ‘बोअर’ करून घ्यायचे, म्हणजे लेथवाल्याकडे नेऊन किंचित मोठे खरवडून घ्यायचे आणि त्या मापाचे मोठे पिस्टन बसवायचे. पुन्हा झिजले की पुन्हा. एकाच लोखंडी ठोकळ्याला असे तीन-चार जन्म मिळत. बॉडीचंही तेच. वेगळी चासी नसल्यामुळे मुंबईच्या खाऱ्या पावसाळी हवेत तळाचा पत्रा कुजला की सांगाडाच कुजायचा. मग पत्रेवाला तुकडा कापून नवा जोडे, रंगारी त्यावर लांबी भरून रंग मारी. जुन्या टॅक्सीच्या मडगार्डवर बोटाने टिचकी मारली तर पत्र्याचा आवाज कुठे संपतो आणि लांबीचा कुठे सुरू होतो ते कळत असे.

डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली तेव्हा या चौघांच्या ज्ञानाला पहिला धक्का बसला. मारुती तापत नव्हती, थांबत नव्हती आणि तिला कुणाची गरज लागत नव्हती. मध्यमवर्ग तिच्याकडे धावला, आणि धावला ते योग्यच केलं. प्रीमियरने १९८५ साली निस्सानचं इंजिन घातलेली ११८ एनई आणली. नव्वदच्या दशकात फ्रेंच प्यूजोबरोबर कल्याणला संसार मांडून पाहिला, तोही मोडला. पण पद्मिनी त्याही काळात बनत राहिली, कारण तिला एक हमखास गिऱ्हाईक उरलं होतं, मुंबईचा टॅक्सीवाला.

ती टॅक्सी म्हणून मुंबईत का रुजली याची कारणं साधी आहेत. कारखाना कुर्ल्यात, भाग गल्लीत, लांबी चार मीटरच्या आत, म्हणजे ॲम्बेसेडरपेक्षा आखूड, त्यामुळे गिरगाव-भुलेश्वरच्या गल्ल्यांत वळायला सोपी. इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी, त्यामुळे पेट्रोल कसंही असलं तरी कुरकुर करत का होईना चालणार. मोठ्या अमेरिकन गाड्या टॅक्सीतून हळूहळू हटल्या आणि नव्वदच्या दशकापर्यंत मुंबईच्या टॅक्सींची संख्या साठ हजारांच्या घरात गेली, त्यात बहुसंख्य फियाट.

मला वाटतं, आठवणींच्या कात्रणांचं कोडं इथे सुटतं. मराठी चाळकरी माणसाने फियाट विकत घेतलीच नव्हती. त्याच्या मजल्यावर एखाद्या डॉक्टरकडे किंवा कंत्राटदाराकडे ती असायची. बाकीच्यांची फियाट म्हणजे टॅक्सी, आणि टॅक्सी रोज कोण करतो? बस आणि लोकल होती. टॅक्सी व्हायची ती बाळंतिणीला के.ई.एम.मधून घरी आणताना, आजोबांना रात्री दवाखान्यात नेताना, मे महिन्यात पत्र्याच्या ट्रंका आणि वळकट्या घेऊन कोकणची बोट किंवा गाडी पकडताना, लग्नाच्या हॉलवर साडीची घडी मोडू नये म्हणून. डाव्या बाजूला बाहेर बसवलेला मीटर ड्रायव्हरने हात बाहेर काढून खाली पाडला की घरातल्या कर्त्या माणसाच्या चेहऱ्यावर एक आकडेमोड सुरू व्हायची. पुढे सलग सीट, त्यामुळे ड्रायव्हरशेजारी दोघं सहज. एका कुटुंबाच्या तीस-चाळीस वर्षांत अशा फेऱ्या मोजून वीस-पंचवीस, पण सगळ्या मोठ्या दिवशी. आणि गाडी दर वेळी तीच. आजीला ज्या गाडीतून नेलं त्याच रूपाच्या गाडीतून नात आली. गाडी बदलली असती तर हे दिवस एकमेकांना जोडले गेले नसते.

पण हिशोब पुरा करायचा तर दुसऱ्या रकान्यातही लिहिलं पाहिजे. मोठा दिवस आपला होता. ड्रायव्हरचा तो बारा तासांतला एक फेरा होता. ऐंशी-नव्वदच्या दशकात टॅक्सी चालवलेल्या ज्या चालकांशी मी बोललो त्यांतले बरेच उत्तर प्रदेशातले, काही मंगळूरकडचे. कुणीही ती गाडी परत मिळावी असं म्हणालं नाही. मे महिन्यात इंजिनाचा शेक फळीतून पायावर येतो. चारही चाकांना ड्रमचे ब्रेक, पावसात भिजले की पाय दोनदा दाबावा लागतो. क्लचने डावा गुडघा जातो. गाडीबद्दल विचारलं की ते आधी गुडघ्याकडे बोट दाखवतात. उत्पन्न, भाडं आणि दुरुस्तीचा खर्च त्यांना पाठ होता. छताचं फुलाफुलांचं कापड त्यांना आठवत नव्हतं, किंवा आठवलं तर ते किती रुपयांना बसवलं हे आठवत होतं. आपल्या ओढीत त्यांच्या गुडघ्याची किंमत धरलेली नाही.

कुर्ल्याचंही तसंच. कारखान्याच्या भोंग्यावर ज्यांचं घड्याळ चालायचं त्या कामगार वस्त्यांचा प्रीमियर रोड अजून आहे. कारखान्याच्या जमिनीवर आता कोहिनूर सिटीचे मनोरे आहेत. पद्मिनीच्या आठवणींवरच्या लेखांत ती गाडी कुणी बनवली याचा उल्लेख सहसा येत नाही, जणू ती काळा-पिवळा रंग लेऊन आकाशातून उतरली.

याचा आजच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. जतन काय करायचं? खासगी पद्मिनी अजून आहेत. पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण आणि हरित कर भरून त्या रस्त्यावर ठेवता येतात. हौशी मालक त्यांना क्रोम लावून, दुरंगी रंग देऊन, चामड्याच्या सीट घालून रविवारी बाहेर काढतात. यात वाईट काही नाही, गाडी जगते. पण ती कधीच अशी दिसत नव्हती. टॅक्सीला मात्र वयाची अट आहे आणि वय झालं की नशिबी भंगार. ज्या रूपात लाखो लोकांनी ही गाडी पाहिली ते रूप कापून, वितळवून संपलं. निदान एक तरी पद्मिनी टॅक्सी राखावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने सरकारकडे केली होती, आणि ती मला आठवणींच्या सगळ्या लेखांपेक्षा महत्त्वाची वाटते.

राखायची तर ती धुऊनपुसून, नव्या रंगात, काचेच्या पेटीत ठेवू नये एवढंच माझं म्हणणं आहे. शेवटच्या वर्षांतली जशीच्या तशी हवी. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जुन्या टॅक्सींना सीएनजी घ्यावा लागला, तेव्हा त्याची टाकी डिकीत बसली आणि डिकीत सामानाला जागा उरली नाही. म्हणून छतावरच्या लोखंडी कॅरिअरला दोरी बांधून बॅगा वर चढू लागल्या आणि कॅरिअरच्या पायांखाली छताचा रंग उडाला. ती टाकी, ती दोरी, ते उडालेले चार ठिपके, बुश झिजलेला गिअरचा दांडा, तीनदा बोअर केलेलं इंजिन आणि मडगार्डातली लांबी यांतलं काहीही काढू नये. शेजारी पाटी लावायचीच असेल तर तिच्यावर राणीची गोष्ट नको. १९३७, १९६४, २००३ ही तीन सालं, कुर्ल्याच्या कारखान्याचं नाव आणि ती टॅक्सी ज्यांनी ज्यांनी चालवली त्यांच्या बिल्ल्यांचे नंबर असावेत.